पाण्यातला नांगर

हर्णै बंदरात मासळीच्या मोठ्या होड्या पार किनाऱ्याला लागत नाहीत. सुवर्णदुर्गाच्या अलीकडे पाण्यातच उभ्या राहतात आणि मासळी आणायला किनाऱ्यावरून बैलगाड्या सरळ समुद्रात उतरतात. काही वर्षांपूर्वी मामांना घेऊन तिथे गेलो होतो. मामा साताऱ्याकडचे, सगळा जन्म शेतीत गेलेला, समुद्र पहिल्यांदाच पाहत होते. पण त्यांची नजर समुद्रावर ठरेना, ती बैलांवर. लाट पोटाला लागली की बैल मान वर करायचे आणि मामा इकडे किनाऱ्यावर जिभेने टॉक-टॉक करून त्यांना धीर द्यायचे. तेवढ्यात एका होडीवरून आरोळी आली, "नांगर टाक, नांगर!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. बैल पाण्यात, त्यात नांगरही पाण्यात, म्हणजे आता पेरायचं तेवढं बाकी राहिलं, असा त्यांचा चेहरा. थोड्या वेळाने होडीचा नाखवा किनाऱ्यावर आला, तेव्हा मामांनी त्याला विचारलंच, "नाखवा, पाण्यात कसली हो नांगरट?" नाखवा हसला. म्हणाला, "काका, तुमचा नांगर चालला तर पीक. आमचा नांगर चालला तर होडी गेली खडकावर."

यापेक्षा नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्या कोशात मिळाली नाही. एकच शब्द, आणि दोन माणसांच्या हातात त्याचं काम अगदी उलटं. एकाने जमीन फाडत पुढे जायचं, दुसऱ्याने जमिनीला धरून बसायचं. गंमत म्हणजे क्रियापदही दोघांनी वाटून घेतलं आहे. शेत नांगरलं म्हणजे उलथवलं. जहाज नांगरलं म्हणजे जागच्या जागी रोवलं. मराठी माणूस दोन्ही वाक्यं बिनदिक्कत बोलतो आणि त्याचा कधी घोटाळा होत नाही.

हा एकच शब्द आहे असं मात्र कोणी समजू नये. ते दोन शब्द आहेत, वेगवेगळ्या गावांहून आलेले, आणि मराठीत एकाच नावाने राहणारे. शेतातला नांगर हा संस्कृत 'लाङ्गल'. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातल्या सत्तावन्नाव्या सूक्तात, क्षेत्रपतीची प्रार्थना आहे तिथे, हा शब्द येतो. बलरामाला 'लांगली' म्हणतात तो याचमुळे. पाण्यातला नांगर हा फारसी 'लंगर'. जहाज थांबवणारं अवजार एवढाच त्याचा तिथला पहिला अर्थ, आणि अरबी समुद्रात ये-जा करणाऱ्या खलाशांबरोबर तो आपल्या बंदरांत उतरला.

दोन्ही शब्दांच्या सुरुवातीला ल आहे आणि मराठीत दोघांचाही न झाला आहे. ही चूक नव्हे, आपल्या तोंडाची जुनी खोड आहे. पालीत फार पूर्वीच लाङ्गलाचं 'नङ्गल' झालेलं दिसतं. संस्कृतातलं 'ललाट' प्राकृतात 'णिडाल' झालं आणि आपल्याकडे 'निढळ' म्हणून राहिलं. निढळाचा घाम म्हणजे कपाळाचा घाम. उलटी वाटही आहे. 'निम्ब' आपल्याकडे येऊन लिंब झाला, कडुलिंबातला. 'नवनीत' येता येता लोणी झालं. ल आणि न ही सख्ख्या भावांसारखी अक्षरं, एकमेकांचे सदरे घालून फिरणारी.

लंगरच्या बाबतीत हा बदल एकट्या मराठीने केला असंही नाही. बंगालीत जहाजाचा 'नोङर', तमिळमध्ये 'नंगूरम', आणि पार पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली बोलणारे त्याच वस्तूला 'नंगा' म्हणतात. कन्नड-तेलुगूने मात्र 'लंगरु' असा ल जपला, हिंदीने लंगर, गुजरातीने 'लांगरवुं'. या समुद्राच्या काठाकाठाने फिरलं तर एका शब्दाचे असे दोन थवे दिसतात. बंगालीची गोष्ट तर आपल्या बरोब्बर शेजारची. तिथे शेतातला 'लाङल' ल घेऊन राहिला आणि पाण्यातला नोङर न घेऊन, त्यामुळे बंगाली शेतकरी आणि बंगाली नावाडी यांच्यात हर्णैसारखा संवाद होण्याची सोयच नाही. मराठीत दोघंही एकाच उंबऱ्यावर येऊन उभे राहिले आणि घराने दोघांनाही आत घेतलं.

इथपर्यंत सगळं कोशाचं काम झालं. खरा वाद पुढे सुरू होतो, आणि तो करणारी माणसं दोन प्रकारची असतात.

पहिला प्रकार भाविकांचा. त्यांना शब्द एकच हवा असतो आणि त्यामागे गोष्ट हवी असते. म्हणजे कोकणातला माणूस पावसाळ्यात शेती करतो, नारळी पौर्णिमेनंतर समुद्रावर जातो, तेव्हा त्याने आपला नांगरच होडीत घातला असणार, आणि म्हणून जहाजाच्या त्या अवजाराला नांगर नाव पडलं! ऐकायला छान. व्याख्यानात टाळी घेईल. फक्त खोटी आहे. तमिळ खलाशाने किंवा स्वाहिली खलाशाने साताऱ्याचा नांगर काही होडीत घातला नव्हता. अशा गोष्टींना अंत नसतो. फारसीत 'लंग' म्हणजे लंगडा, तैमूरलंगातला. मग लंगर म्हणजे जहाजाला लंगडं करणारा, असंही उद्या कोणी सांगेल. मीच आता गमतीने सांगितलं, पण कोणी तरी ते खरं म्हणून पुढे पाठवणार याची मला खात्री आहे.

दुसरा प्रकार शुद्धीवाल्यांचा. त्यांना गोष्ट नको, दाखला हवा. शब्द कुठला? फारसी? मग बाहेर. या मंडळींची थट्टा करणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. त्यांच्या मागे मोठी परंपरा आहे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. दरबारात रुळलेल्या सुमारे चौदाशे शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. परक्या सत्तेच्या भाषेत राज्य चालवायचं नाही, या निश्चयाचा तो भाग होता आणि तो निश्चय समजण्यासारखा आहे. पण त्याच महाराजांच्या आरमारावर नजर टाका. आरमार हा शब्द पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आलेला. अधिकाऱ्यांत मायनाक भंडारी आहे, दौलतखान आहे आणि दर्यासारंग आहे. दर्या फारसी, सारंगही फारसी 'सरहंग'. जहाजाचा मालक तो नाखवा, म्हणजे फारसी नाखुदा, नावेचा धनी. सुकाणू अरबी 'सुक्कान'चं. बंदर फारसी. ज्या वाऱ्यावर सगळं चालायचं तो मोसमही अरबी. दफ्तरातले शब्द बदलता आले, कारण दफ्तर आपलं होतं. समुद्र कोणाच्याच दफ्तरात नव्हता. तिथे एका होडीवर चार भाषांची माणसं असायची आणि वादळात हाक मारली तर चौघांनाही ती एकदम कळायला हवी. पर्याय सुचवायला तिथे कोणाला वेळ होता?

पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीचा झेंडा उचलला आणि दिनांक, महापौर यांसारखे शब्द मराठीला दिले. ते आज आपण सहज वापरतो. माधव जूलियन तर या वादातला सगळ्यात मनोरंजक माणूस. फारसीचे प्राध्यापक, मराठीत गझल रुजवणारे कवी, १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' करणारे, आणि तेच १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिणारे. ज्याने हे पाहुणे एकेक करून ओळखले, त्यांच्या गावाचा पत्ता लिहून ठेवला, त्यानेच पुढे त्यांना दार दाखवायचं ठरवलं. तारीख, हजर, मदत असल्या शब्दांवर या चळवळीचा डोळा असे. नांगराकडे बोट दाखवून 'हा परका' असं कोणी ओरडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. का ओरडेल? त्याने खांद्यावर घोंगडी टाकली होती आणि चारचौघांत तो बलरामाच्या घरचा वाटत होता.

आता या शुद्धीच्या खटल्याची खरी पंचाईत पाहा. समजा, एखाद्या कडक परीक्षकाने पाण्यातला नांगर पकडला आणि हद्दपार केला. मग न्यायाने शेतातल्या नांगराचाही दाखला तपासावा लागेल. आणि 'लाङ्गल' हा शब्द मुळात आर्यभाषांचा नव्हे, या भूमीवर आधीपासून शेती करणाऱ्या लोकांच्या, ऑस्ट्रो-आशियाई किंवा द्राविड भाषांतून तो संस्कृतात शिरला, असं पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ मानतात. जुन्या तमिळमध्ये नांगराला 'नाञ्जिल', कन्नडात 'नेगिल', ख्मेरमध्ये 'अंगाल' म्हणतात. म्हणजे वेदात बसलेला हा शब्दही कधी तरी दारात उभा राहून आत आला. एक तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी आला, एक काही शतकांपूर्वी. फरक मुक्कामाच्या लांबीचा.

भाविक आणि शुद्धीवाला एकमेकांचे विरोधक दिसतात, पण त्यांची चूक एकच आहे. दोघांनाही वाटतं की शब्दाचा उगम हाच त्याचा खरा अर्थ. एक उगम रंगवून सांगतो, दुसरा उगम तपासून शिक्षा देतो. शब्द रोज ज्यांच्या तोंडात असतो ते याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आणि ते पाहत नाहीत म्हणूनच कधी कधी कोशापेक्षा खरं काही तरी करून ठेवतात. या दोन नांगरांचं तसंच झालं आहे.

कारण जहाजाचा नांगर काम कसा करतो ते बघा. पुष्कळांना वाटतं की नांगर जड असतो आणि त्याच्या वजनाने जहाज थांबतं. तसं असतं तर दगड बांधून भागलं असतं. फार पूर्वी काही अंशी भागतही होतं. द्वारका, बेट द्वारका आणि आपल्या सिंधुदुर्गाजवळच्या पाण्यातून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी जुने दगडी नांगर शोधले आहेत. पण त्यातलेही नुसते धोंडे थोडे. चौकोनी लांबट दगडाला वर दोरासाठी भोक आणि खाली एकमेकांना काटकोनात दोन भोकं असतात. त्यांत लाकडी दांडे घालायचे, म्हणजे ते तळात रुततील. नांगराचं सगळं बळ या रुतण्यात आहे. म्हणून दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट सोडतात. दोर लांब सोडला की ओढ आडवी येते, नांगराचा दांडा तळावर आडवा राहतो आणि टोक चिखलात खाली-खाली शिरतं. वारा जितका जहाज ओढेल तितका नांगर खोल बसतो. दोर कमी सोडला तर ओढ वर लागते आणि नांगर सुटतो. आणि उचलायचा असेल तेव्हा हेच उलटं: होडी बरोब्बर नांगराच्या डोक्यावर आणायची, दोर उभा ताठ करायचा, मग तो आपला आपण सुटतो. शेतकऱ्याला यातलं काही नवीन नाही. फाळ जमिनीला कोणत्या कोनात लावायचा, रुमणं दाबलं की फाळ किती खोल जाईल, हेच त्याचं आयुष्यभराचं गणित.

हे साम्य ज्याच्या लक्षात आलं तो माणूस मराठी नव्हता, शेतकरीही नव्हता. केंब्रिजचा भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री इंग्राम टेलर. त्याने १९३३ साली पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी एक हलका नांगर तयार केला. जुने नांगर जड, विमानात ते कसे न्यायचे? टेलरने वजन कमी केलं आणि टोकाला चक्क दोन बाजूंना पाती असलेला नांगराचा फाळ बसवला. तो तळावर पडला की आडवा होतो, ओढ लागली की वळतो आणि जमिनीत घुसतो. इंग्रजीत त्या जातीच्या नांगराला आजही शेतातल्या नांगराचंच नाव जोडून ओळखतात. आता याचं मराठी करायचं तर 'नांगरी नांगर' म्हणावं लागेल. जी गोष्ट एका मोठ्या शास्त्रज्ञाने विचार करून जुळवली, ती मराठीत दोन अनोळखी शब्द शेजारी येऊन बसल्याने नकळत जुळली होती. योगायोग आहे. पण योगायोग खोटा असतो असं कोणी सांगितलं?

कोकणाने लंगरचा नांगर केला, घाटावर मात्र तो लंगर म्हणूनच चढला आणि वाटेत धंदा बदलून बसला. समुद्र नाही तिथे जहाज काय थांबवणार? तो हत्तीच्या पायातली साखळी झाला. आणि त्या साखळीवरून खंडोबाच्या दारात गेला. चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळांत 'लंगर तोडणे' असतं. वाघ्या लोखंडी साखळीला हिसडे देऊन ती तोडतो, येळकोट होतो, भंडारा उधळतो. ज्या वस्तूचं सगळं सार्थक न सुटण्यात, तिचं देवापुढचं सार्थक तुटण्यात. मला हा अर्थ सगळ्यांत आवडतो. आणि तिसरा लंगर नांदेडला. गुरू गोविंदसिंग १७०८ साली तिथे निवर्तले. हजूर साहिबच्या लंगरात कोणीही पंगतीला बसतं आणि जेवून उठतं. फारसीत जहाज थांबवणाऱ्या शब्दाखालीच गोरगरिबांना अन्न मिळण्याची जागा हाही अर्थ आहे, सूफींच्या खानकाहांतही तो चाले, आणि तिथून शीख परंपरेने त्याला आज आहे तो मोठेपणा दिला. कोणी तो 'अनलगृह' या संस्कृत शब्दावरून काढून दाखवतात. पुन्हा तीच दाखल्याची हौस. पंगतीत वरण वाढणारा मुलगा कोणाचा दाखला विचारत नाही.

मग इंग्रजी अँकरचं काय? त्याचा या दोघांशी काही संबंध नाही, निदान दिसतो त्या बाजूने नाही. तो ग्रीक 'अंकुरा'वरून आला, आणि ग्रीक शब्द ज्या वाकड्या-आकड्याच्या मुळापासून आला त्याच मुळाची आपल्याकडची लेकरं म्हणजे 'अंक' आणि 'अंकुश'. मराठीत अंकाचा आकडा झाला. तो मोजायचाही आणि अडकवायचाही. विजेच्या तारेवर आकडा टाकणाऱ्याला कल्पना नसते की तो एका अर्थी तारेवर नांगर टाकतोय. वर्तमानपत्रात पहिल्या पानाच्या तळाशी जी बातमी असते तिलाही अँकर म्हणतात, टीव्हीवर ओरडणाऱ्यालाही. दुसऱ्या अँकरकडे पाहून नांगराची आठवण होणं कठीण. तो काहीच धरून ठेवत नाही.

आपल्या नौदलाच्या ध्वजावर २०२२ साली नवं चिन्ह आलं. अष्टकोनाची रेषा शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली, खाली वरुणाचं संस्कृत बोधवाक्य, आणि मधे ढालीवर नांगर. त्या चिन्हावर कुठेही फारसी अक्षर नाही. पण मराठी माणसाने बोट ठेवून 'हा नांगर' म्हटलं की एक जुना खलाशी त्यात गुपचूप येऊन बसतो. मला त्याचं बसणं खटकत नाही. मुळात ज्यांच्या राजमुद्रेची रेषा इथे घेतली, ते राजे स्वतःच दर्यासारंगाला घेऊन आरमार बांधत होते.

हर्णैला अंधार पडायला लागला तसे आम्ही परत निघालो. वाळूवर एका छोट्या होडीचा नांगर पडला होता, नुकताच वर काढलेला. चार वाकवलेल्या सळ्या, एका दांड्याला जोडलेल्या, गंजलेल्या, आणि प्रत्येक टोकाला काळसर चिखलाचा गोळा. मामा खाली बसले. एका टोकाचा चिखल नखाने काढला, अंगठा आणि बोटाच्या मधे चोळला, नाकाजवळ नेला. गावाकडे विकत घ्यायच्या जमिनीत उभे राहून ते नेहमी असंच करतात.

"चिकण आहे," मामा म्हणाले. "पण खार फार. भात व्हायचा नाही यात."

"भात कशाला काका," मागून नाखवा म्हणाला, "नांगर चांगला बसतो."